काळी, पांढरी आणि मसणवटा

मराठी खेड्याची जमीन सांगतांना जुन्या माणसांच्या तोंडीं दोनच शब्द येत. पीक देणारी ती काळी, आणि घरें जिच्यावर उभीं राहतात ती पांढरी. काळीनें पोट भरावयाचें आणि पांढरींत संसार करावयाचा, असा तो सरळ हिशेब. परंतु प्रत्येक गांवास आणखी एक तिसरी जमीन असतेच. ती बहुधा ओढ्याच्या कांठीं, शिवेच्या आंत पण वस्तीच्या बाहेर असते. तिचें नांव घेण्याचें लोक टाळतात. ‘मसणवटा’ हा शब्द तर आतां रागाच्या बोलण्यांतच अधिक ऐकूं येतो. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत ह्या तिसऱ्या जमिनीला मोठा इतिहास आहे, आणि तो लिहून ठेवला जाण्यापूर्वींच पुसला जात आहे.

हिंदूंचें प्रेत जाळतात, तेव्हां हिंदु खेड्यांत दफनभूमि कोठून असावयाची, अशी शहरी माणसाची समजूत असते. ह्या भागापुरती ती खरी नाहीं. येथें मुसलमानांचें कबरस्तान असतें हें तर झालेंच. पण लिंगायत मूठमाती देतात, गोसावी समाधि देतात, महानुभावांतही दफनाची रीति आहे, दलितांतील व भटक्यांतील अनेक जातींत पुरण्याची चाल होती व कित्येक घरीं अजून आहे. शिवाय कोणत्याही जातीचें तान्हें मूल गेलें तर तें मातींतच ठेवावयाचें. अशा रीतीनें एखाद्या मध्यम गांवाच्या शिवारांत तीन-चार निरनिराळ्या दफनभूमि सांपडतात, आणि त्यांपैकीं एखाद्‌दुसरीसच कुंपण असतें.

लिंगायतांची वस्ती ह्या बाजूस एवढी दाट कां, ह्याचें उत्तर नकाशावर बोट ठेवले कीं मिळतें. बाराव्या शतकांत कलचुरि राजा बिज्जल ह्याच्या दरबारीं असलेल्या बसवेश्वरांनीं ज्या कल्याण नगरींत आपला पंथ वाढविला, तें आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण लातूरच्या हद्दीपासून फारसें दूर नाहीं. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके हैदराबाद संस्थानच्या काळांत बिदर जिल्ह्यांतच होते. १९५६ च्या भाषावार रचनेंत ते उस्मानाबादेस जोडले गेले, आणि १९८२ सालीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्दी अशा सरकत राहिल्या, तरी मठांचें आणि जंगमांचें जाणेंयेणें थांबलें नाहीं. सोळाव्या शतकांतील मन्मथस्वामींची समाधि बीड जिल्ह्यांत कपिलधारेस आहे. त्यांनीं मराठींत ग्रंथरचना केली, आणि कानडी मुलखांत जन्मलेला हा पंथ मराठी कुणब्या-वाण्यांच्या घरांत पक्का रुजला. उदगिरास हावगीस्वामींचा मठ आहे. मठांच्या समाध्यांना पूजा आहे, उत्सव आहे, दिवाबत्ती आहे. त्यांची काळजी करण्याचें कारण नाहीं. काळजी आहे ती सामान्य माणसाच्या समाधीची.

ती समाधि कशी होते हें नीट पाहिल्यावांचून धोका कोठें आहे तें कळणार नाहीं. लिंगायतांत लहानपणींच अंगावर इष्टलिंग बांधतात आणि तें जन्मभर उतरावयाचें नसतें. ज्या देहानें देव वागविला तो आगींत घालावयाचा नाहीं, बसवावयाचा, अशी त्यामागील श्रद्धा. मृतास आडवें नेत नाहींत. अंगभर भस्म लावून, फुलांनीं सजविलेल्या डोलींत बसवून नेतात. खणलेल्या खड्ड्याच्या एका भिंतींत त्रिकोणी तोंडाचा कोनाडा कोरलेला असतो. त्यांत मांडी घातलेल्या स्थितींत देह ठेवितात. गळ्यांतील लिंग सोडून डाव्या तळहातावर देतात, बेलाचीं पानें आणि विभूति घालतात, जंगम मंत्र म्हणतो, आणि मग माती लोटली जाते. वर दगड असावाच असा दंडक नाहीं. ऐपतीच्या घरचे लोक ओटा बांधीत, त्यावर लहानसें लिंग आणि नंदी बसवीत. बाकीच्यांच्या डोक्यावर मातीचा उंचवटा, आणि तोही दोनचार पावसाळ्यांत बसून जातो.

शंभर वर्षांपूर्वींचा लिंगायत मसणवटा म्हणूनच परक्या डोळ्यास मोकळा माळ दिसतो. गवत, चार लिंबाचीं झाडें, एखादा ढांसळलेला ओटा, एवढेंच. तलाठी नवा असला, शेजारचा शेतकरी हावरा असला, आणि गांवचीं म्हातारीं माणसें संपलीं असलीं, कीं ह्या माळास माळ ठरविण्यास फार दिवस लागत नाहींत. दरवर्षीं नांगराचें एक तास अधिक पडतें. दहा वर्षांत बांध सरकतो. ह्याची कोणी फिर्याद करीत नाहीं, कारण फिर्याद करणाऱ्यास आपला आजा नेमका कोठें आहे तें बोट ठेवून दाखवावें लागतें.

अक्षर नसलेल्या भूमीस इतिहास म्हणावें काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचें उत्तर कोंकणांत आहे. अलिबागजवळ नवगांव येथें बेने इस्राएल लोकांची जुनी दफनभूमि आहे. फुटलेल्या गलबतांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेथें किनाऱ्यास लागल्या आणि बुडालेल्यांस त्याच जागीं पुरलें, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुरलेल्यांचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नव्हतीं. तरीही सर्व समाजाची उत्पत्तीची कथा त्या उंचवट्यांना चिकटून राहिली, आणि १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास निघून गेलीं तरी जागा ओळखीची राहिली. पुढें तेथें स्मारकही झालें. लेख नव्हता, पण सांगणारे होते. उलट इंग्लंडांत १५३८ पासून प्रत्येक धर्मग्रामानें बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांची वही ठेवावी असा हुकूम निघाला, आणि त्या वह्यांवर आज तेथील खेड्यापाड्यांच्या वंशावळी उभ्या आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांत दफनाची वही कधींच नव्हती. सांगणारेच तेवढे होते.

कबरस्तानांची गोष्ट थोडी निराळी आहे. कंधार हें राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदतें गांव. तेथें चौदाव्या शतकांतील सूफी साधु हाजी सय्याह सरवर मखदूम ह्यांचा दर्गा आहे, आणि उरुसास सर्व धर्मांचे लोक येतात. अशा दर्ग्याच्या आसऱ्यानें आसपासच्या साध्या कबरीही टिकतात. दख्खनच्या जुन्या कबरींना एक खूण असते: पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उभार, आणि स्त्रीच्या कबरीवर पाटीसारखी सपाट तख्ती. नांव नसलें तरी निजलेला बाप होता कीं आई होती, एवढें तो दगड सांगतो. हैदराबाद संस्थानानें १९१४ सालीं पुराणवस्तु खातें काढलें, आणि गुलाम यझदानी ह्यांच्या देखरेखीखालीं संस्थानांतील किल्ले, मशिदी, मंदिरें व शिलालेख ह्यांचें फार मोलाचें काम झालें. परंतु शिलालेख वाचणारें खातें, ज्या दगडावर अक्षर नाहीं त्याजवळ थांबणार कसें? कंधार, औसा, उदगीर येथील किल्ल्यांची नोंद झाली. किल्ल्यांत चाकरी करून मेलेल्या माणसांच्या बिनअक्षरी कबरी किल्ल्याबाहेरच्या माळावर राहून गेल्या.

उदगीरच्या किल्ल्यांत तर एक समाधि तटाच्या आंतच आहे. ती उदागीर बाबांची, आणि गांवाचें नांवही त्यांच्यावरून पडलें असें लोक मानतात. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला ती लढाई ह्याच उदगीरच्या नांवानें प्रसिद्ध आहे. लढाया झाल्या, धनी बदलले, गोसाव्याच्या समाधीस कोणी हात लावला नाहीं. वीरगळांचें नशीब मात्र एवढें चांगलें नाहीं. खालच्या चौकटींत लढणारा वीर, मधल्या चौकटींत त्यास नेणाऱ्या अप्सरा, वर लिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असे हे दगड ह्या दोन जिल्ह्यांत मारुतीच्या पारापाशीं, वेशीच्या भिंतींत, क्वचित् धुण्याच्या जागींही बसविलेले आढळतात. शेंदराच्या पुटाखालीं वीराचा चेहरा गेला, पण दगड वांचला, म्हणून शेंदरासही फार दोष देतां येत नाहीं.

मेल्यावर सर्व सारखे, असें म्हणण्याची पद्धत आहे. खेड्याच्या नकाशावर तें दिसत नाहीं. ब्राह्मण मधुवरस आणि चर्मकार हरळय्या ह्यांच्या मुलांचें लग्न कल्याणांत लागलें, त्यावरून केवढा अनर्थ झाला हें ज्या मुलखांत आठशें वर्षें सांगितलें जातें, त्याच मुलखांत प्रत्येक जातीची माती निराळी आहे. कित्येक दलित वस्त्यांस स्वतःची भूमि कागदावर मिळालेलीच नाहीं. कोठें भूमि आहे तर तिकडे जाण्याची वाट दुसऱ्याच्या शेतांतून आहे. पेरणी झालेली असली कीं तिरडी बांधावर अडते. दफनभूमि राखण्याचा विचार करतांना जुन्या दगडांपूर्वीं ह्या वाटेचा विचार करावा लागतो.

ह्या सर्व गोष्टी हळूहळू, पिढीपिढीनें घडत होत्या. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजीं जें झालें तें एका क्षणांत झालें.

आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक घरीं येऊन निजले होते. पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत जमीन हलली. ह्या भागांतील घर म्हणजे मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर जड मातीचें माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छप्पर त्या पहांटे माणसांच्या अंगावर आलें. सरकारी आकड्यानें सुमारें ८ हजार माणसें गेलीं. त्या दिवसांत रीतीला अवधि नव्हता. ढिगाऱ्यांतून निघालेल्या देहांस मिळेल त्या लांकडावर एकत्र अग्नि द्यावा लागला. जिच्या घरीं प्रत्येक मृताची डोली सजविण्याची चाल, तिला आपल्या माणसाचा चेहराही पाहावयास मिळाला नाहीं, अशी ती वेळ होती.

त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जागतिक बँकेचें कर्ज आलें, देशोदेशींच्या संस्था आल्या, रुंद सरळ रस्त्यांचीं आणि भूकंपास टिकणाऱ्या घरांचीं गांवें उभीं राहिलीं. शाळा झाली, ग्रामपंचायतीची इमारत झाली, मंदिरें झालीं. स्मशानासही जागा ठेवली गेली. एवढ्या थोड्या काळांत एवढें काम होणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि जे वांचले त्यांना छप्पर देणें हेंच पहिलें कर्तव्य होतें ह्याबद्दलही वाद नाहीं. परंतु ह्या स्थलांतराची एक बाजू फारशी बोलली गेली नाहीं. काळी जागची हलली नाहीं. शेतें होतीं तेथेंच राहिलीं. पांढरी मात्र हलली. आणि तिसरी जमीन, पणज्या-खापरपणज्यांची, ओस पडलेल्या पांढरीच्या शेजारीं एकटी राहिली.

गांव जवळ होतें तोंवर त्या भूमीस राखणदाराची गरज नव्हती. गुरें वळणारीं पोरें होतीं, ओढ्यावर जाणाऱ्या बायका होत्या, अमावास्येस नारळ घेऊन येणारीं घरें होतीं. कोणी खड्डा खणला तर सायंकाळच्या आंत तें पारावर कळे. पायवाट हेंच कुंपण होतें. गांव उठलें तशी पायवाट मोडली, बाभळी वाढल्या. भूकंपांत गेलेल्यांसाठीं किल्लारीस स्मृतिस्तंभ आहे आणि ३० सप्टेंबरला तेथें मानवंदना दिली जाते. त्या पहांटेपूर्वीं जे सुखानें आपल्या अंथरुणावर मेले, त्यांच्यासाठीं असा कोणता दिवस नाहीं.

पायांची ही शक्ति नांदेड शहरांत उलट्या बाजूनें दिसून येते. १७०८ च्या ऑक्टोबरांत गुरु गोविंदसिंगांनीं गोदावरीच्या कांठीं देह ठेवला. जेथें त्यांस अग्नि दिला, ती जागा पंजाबापासून शेंकडों कोस दूर, परक्या राज्यांत. तरी यात्रेकरू येत राहिले; महाराजा रणजितसिंहानें १८३२ ते १८३७ ह्या काळांत तेथें मंदिर बांधविलें, आणि आज हुजूर साहिब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक आहे. सव्वाशें वर्षें ती जागा प्रथम पायांनीं राखली, मग संगमरवर आला. साध्या खेड्यास रणजितसिंह मिळावयाचा नाहीं. त्याच्या वांट्यास कागद येतो, आणि तो कागद तरी पक्का असावा.

धरणांनीं हीच गोष्ट पाण्याखालीं केली आहे. कंधारजवळ मन्याड नदीवरील बारूळचें धरण, नांदेडजवळ विष्णुपुरी, माकणीचें निम्न तेरणा, अशा पाणलोटांनीं तहानलेल्या मुलखास पाणी दिलें, आणि कांहीं जमीन घेतली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा नव्या गांवठाणास स्मशान व दफनभूमि द्यावी असें सांगतो. म्हणजे यापुढें मरणाऱ्यांची सोय कायद्यानें केली आहे. आधींच मेलेल्यांचें काय, हा प्रश्न मोबदल्याच्या कोष्टकांत बसत नाहीं. झाडाचे पैसे मिळतात, विहिरीचे मिळतात; समाधीच्या ओट्यास दगडमातीची किंमत.

कागदाचा विषय रुक्ष खरा, पण ह्या प्रकरणाचा जीव तेथेंच आहे. जमीन महसुलाच्या १९६६ च्या कायद्याचें कलम २२ असें सांगतें कीं, बिनवहिवाटीची सरकारी जमीन दफनभूमि किंवा दहनभूमि म्हणून राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. १९६८ च्या नियमांत, कोणत्याही समाजाकडून दफनासाठीं वापरली जाणारी जमीन ‘पोटखराबा, वर्ग ब’ ह्या सदरांत घातली आहे. तिच्यावर आकार बसत नाहीं आणि ती लागवडीस आणावयाची नसते. १९५८ च्या कायद्यानें दफनभूमीची देखभाल ग्रामपंचायतीच्या कामांत धरली आहे. कायदा कमी नाहीं. पण हीं सर्व कलमें नोंदीवर चालतात, आणि जुनी नोंद निजामाच्या अमलांतील सेतवारांत, उर्दू लिपींत आहे. त्यानंतरचें १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक कोठें जीर्ण आहे, कोठें अर्धवट. तेथें भूमीची नोंद असली आणि पुढच्या सात-बाऱ्यांत ती उतरली नसली, तर आजच्या कागदावर ती भूमि कोणा एकाच्या खाजगी मालकीची दिसते. नागपूरकडून अहमदपूर-लातूरवरून तुळजापुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून कडेच्या जमिनींस सोन्याचे भाव आले आहेत, आणि प्लॉट पाडणारास सात-बारा पुरतो.

२०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरें बाहेर काढलीं गेलीं. उर्दू आणि मोडी वाचणारीं माणसें एकाएकीं हवींशीं झालीं. ज्या गठ्ठ्यांवर धूळ सांचली होती ते उलगडले जाऊं शकतात, एवढें तरी त्यावरून सिद्ध झालें. जिवंतांच्या दाखल्यासाठीं जी मेहनत घेतली गेली, तिचा दहावा हिस्सा जरी सेतवारांतील स्मशान-कबरस्तानांच्या नोंदी उतरून घेण्यास लाविला, तरी गांवोगांवची तिसरी जमीन पुन्हां कागदावर येईल. मोजणी करून चार कोंपऱ्यांस चार दगड रोवणें हा त्यापुढचा भाग; आणि त्यासाठीं ऐंशीच्या घरांतला एखादा जाणता माणूस बरोबर असला पाहिजे, कारण मोजणीदाराची सांखळी हद्द दाखविते, समाधि दाखवीत नाहीं.

सुधारणेचाही एक धोका आहे. स्मशानभूमीसाठीं सरकारी योजनांतून पैसा येतो, तो पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा आणि फरशी ह्यांवर खर्च होतो. यंत्र आणून माळ सपाट केला कीं काम झालेलें दिसतें. त्या सपाटीखालीं जुने ओटे गेलेले दिसत नाहींत. वास्तविक जुन्या भूमीस फार थोडें लागतें. गडगा बांधावा, वाट मोकळी ठेवावी, ढांसळलेला ओटा चुन्यानें सांधावा, दगडावर तैलरंग फांसूं नये, आणि लिंबाचें झाड तोडूं नये. सर्व जागा अडवून तिचें संग्रहालय करावें असेंही नाहीं. स्थावरापेक्षां जंगमास मोठें मानणाऱ्या पंथाच्या माणसांना पाषाणाचा सोस कधींच नव्हता. जुन्या मातींत नवी समाधि देण्याची चाल त्यांच्यांत आहेच. टिकवावयाची ती जागा, आणि जागेवरचा हक्क.

सर्वांत बिकट स्थिति शेतांतील समाध्यांची आहे. स्वतःच्या रानांत, विहिरीजवळ किंवा बांधाच्या कडेस वडिलांस ठेवण्याची चाल लिंगायत घरांत फार. तेथें ग्रामपंचायत नाहीं, कलम नाहीं, नोंद नाहीं. शेत विकलें कीं समाधि विकली जाते. खरेदीखतांत विहीर लिहितात, झाडें लिहितात, वाट लिहितात. त्याच ओळींत समाधि आणि तिच्याकडे येण्याजाण्याचा हक्क लिहिला तर दस्त लिहिणाऱ्यास शाई फारशी अधिक लागणार नाहीं.

मार्गशीर्ष अमावास्येस ह्या भागांत वेळा अमावास्या होते. त्या दिवशीं गांवांत माणूस सांपडत नाहीं. सर्व घरें रानांत गेलेलीं असतात. ज्वारीच्या उभ्या पिकांत कडब्याची खोप करतात, तींत चुना लाविलेले दगडाचे पांडव मांडतात, आंबील, उंडे आणि भज्जीचा नैवेद्य होतो. भूकंपानंतर वसलेल्या गांवांतील लोकही त्या दिवशीं जुन्याच शेतांत जातात, आणि वाट जुन्या पांढरीवरून असते. बैलगाड्या कमी झाल्या, मोटरसायकली वाढल्या. ज्यांच्या रानांत समाधि आहे ते खोपींतला नैवेद्य झाला कीं एक पान तिकडेही ठेवितात. ज्यांची माणसें जुन्या मसणवट्यांत आहेत, त्यांतील एखादी म्हातारी आंबिलीचें मडकें नातसुनेच्या हातीं देते, बाभळीच्या बाजूस दोन पावलें जाते, आणि कोणत्या झाडापासून किती हात, तें तिला मोजून दाखविते.